यकृताची बाजू घेणारी ताई

जगात रागावण्यासारखं जेवढं म्हणून काही आहे, त्या सगळ्यावर माझी आतेबहीण निदान एकदा तरी रागावून झालेली आहे. जे थोडंफार उरलं असेल, ते तिने निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवलं आहे. आमच्या घराण्यात रागीट माणसं पुष्कळ झाली, पण त्यांचा राग दूध उतू गेल्यासारखा. आला, शेगडीवर सांडला, संपला. ताईचा राग मंद आचेवर दिवसभर शिजतो. सकाळी पेपर उघडला की ती आरोग्याच्या पुरवणीवर रागावते. आंघोळीला जाताना साबणाच्या वेष्टनावर रागावते, कारण त्यावर शरीरातली विषं बाहेर काढण्याचं आश्वासन छापलेलं असतं. डब्यात पोळीभाजी भरताना रेडिओवरच्या त्या गोड आवाजाच्या आहारतज्ज्ञ बाईंवर रागावते आणि चपला घालता घालता रेडिओ बंद न केल्याबद्दल स्वतःवर. डोंबिवली पूर्वेला ती राहते तिथे खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते म्हणतात, मला घड्याळाची गरज पडत नाही. वरचा आवाज जिना उतरायला लागला की गॅसवर दुसरा चहा ठेवायचा.

उंचीने ती बेताची आणि घेराने भरघोस. स्वतःला ती सरळ जाडी म्हणवते. कोणी ‘हेल्दी’ म्हटलं, ‘खात्यापित्या घरची’ म्हटलं की तिच्या कपाळावरची शीर उठते. जाडीला जाडी म्हणा, तो शब्द आहे, शिवी नाही, असं तिचं म्हणणं. मात्र जाडी म्हणून वर सल्ला दिला तर सल्ला देणाऱ्याची धडगत नाही. आमच्या एका चुलतभावाच्या लग्नात लांबच्या एका काकूंनी तिच्या ताटाकडे बघत सगळ्यांदेखत विचारलं, की एवढी शिकलेली तू, तुला स्वतःवर ताबा ठेवता येत नाही का. ताईने ताट बाजूला ठेवलं, खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसली आणि त्यांची उलटतपासणी सुरू केली. वडिलांना साखर होती का, आईला होती का, पोटात असताना आईला धड खायला मिळालेलं का, रात्री झोप किती, कामावर जायला-यायला वेळ किती, जेवण बसून होतं की उभ्याने. काकू बिचाऱ्या एकेक उत्तर देत गेल्या. सगळं झाल्यावर ताई म्हणाली, आता सांगा, यातलं तुम्ही स्वतः काय काय ठरवलंत? काकूंना आईच्या उपासमारीची आठवण होऊन खरोखरच रडू फुटलं. मग ताईनेच त्यांना गुलाबजामची वाटी आणून दिली आणि दोघींनी मिळून ती संपवली. आता त्या काकू दर दिवाळीला तिला फोन करतात आणि आपली साखर कळवतात.

डॉक्टर मंडळींशी तिचं जुनं वैर आहे. ती स्वतःही डॉक्टरच, पण पीएचडीची. त्यामुळे तिला औषध देता येत नाही आणि सहनही करता येत नाही. एकदा तिचा कान ठणकत होता म्हणून मी तिला ठाण्याला एका कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलेलो. डॉक्टरांनी दारातून आत येणाऱ्या तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कानाकडे न बघताच, आधी वजन कमी करा, असं सांगून लिहायला घेतलं. ताईने शांतपणे विचारलं, “कानाचं वजन साधारण किती असतं?” मी भिंतीवरच्या कानाच्या तक्त्याचा अभ्यास सुरू केला. डॉक्टरांना शेवटी उठून कानात बघावंच लागलं. आत कापसाचा बोळा निघाला. तो बोळा पुढे करून तिने त्यांना विचारलं, की हा किती किलो भरेल. त्यानंतर मला त्या रस्त्याने जायचं असलं तरी मी पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

ती नेमकं काय काम करते, हे आमच्या नातेवाइकांना अजून नीट कळलेलं नाही. काहींना ती रक्त तपासते असं वाटतं, काहींना ती उंदीर पाळते असं वाटतं, आणि दोन्ही खरं आहे. मी कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे मला समजेल अशा भाषेत तिने ते एकदा सांगितलेलं. आपल्या पेशीत सतत निरोप फिरत असतात, हे तयार करा, ते तयार करा. मायक्रो-आरएनए म्हणून अगदी बारके तुकडे असतात, ते यातले काही निरोप वाटेतच अडवतात. यकृतात चरबी साचायला लागली, शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं, की या तुकड्यांपैकी काहींचं प्रमाण वाढतं, काहींचं घटतं आणि काही पाझरून रक्तात येतात. नेहमीचे रिपोर्ट चांगले येत असतानाच रक्ताच्या थोड्याशा नमुन्यातून यकृताची ही कुरबुर ओळखता येईल का, हे ती शोधत असते. यकृतात सर्वांत जास्त सापडणाऱ्या तुकड्याला एकशेबावीस नंबर दिलेला आहे. त्याच्याविषयी ती घरातल्या कर्त्या मुलाविषयी बोलावं तसं बोलते. आज एकशेबावीस नीट वागला नाही, म्हणत ती घरी आली की तिची आई, म्हणजे माझी आत्या, बस चुकली असं समजून तिला पाणी आणून द्यायची.

रक्तात सापडणाऱ्या या खुणांबद्दल कोणी वाटेल ते बोललेलं तिला खपत नाही. एका वार्ताहराने तिच्याशी तासभर बोलून दुसऱ्या दिवशी ‘लठ्ठपणाचा गुन्हेगार सापडला’ असं छापलं, तेव्हा तिने त्याला फोन करून असं काही सुनावलं की पलीकडून तो फक्त हो मॅडम, हो मॅडम म्हणत होता. “खूण आणि कारण यातला फरक तुला कळत नाही? धूर दिसला म्हणून धुराने आग लावली असं तू लिहिशील का?” जाड माणसांनाच हा आजार होतो असं म्हणणाऱ्यांवरही ती तुटून पडते. माझं पोट सपाट आहे याचा मला थोडा अभिमान होता. तिने मला धरून तपासणीला नेलं आणि माझ्या यकृतातही चरबी निघाली. त्या दिवशी ती माझ्यावर जितकी खूश झाली, तितकी मी पदवीधर झालो तेव्हाही झाली नव्हती.

तिच्या रागाला एक मऊ कोपरा होता, तो प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी. चरबीचं खाणं घालून त्यांचं वजन वाढवायचं आणि मग यकृतात काय बदललं ते बघायचं, असं ते काम. तिच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी एकदा हसत हसत म्हणाली, की या पिंजऱ्यातले सगळे आळशी झालेत. ताईने हातातलं काम ठेवलं. म्हणाली, आपण त्यांना पिंजऱ्यात ठेवलं, हेच खा म्हणून समोर ठेवलं, धावायला जागा ठेवली नाही, आणि वर त्यांनाच आळशी म्हणायचं? तू कुठे राहतेस? मुलगी कळव्याला राहत होती, सकाळी अंधारात निघत होती आणि रात्री स्टेशनबाहेर उभ्याने वडापाव खाऊन घरी जात होती. दुसऱ्या दिवसापासून ताई तिच्यासाठी घरून वेगळा डबा आणायला लागली, आणि तो पूर्ण संपवला नाही म्हणून तिच्यावर रागवायलाही लागली.

बागेबाहेर सकाळी गाडी लावणाऱ्या रसवाल्याचं प्रकरण तर सगळ्या डोंबिवलीला ठाऊक असावं. दुधी, कारलं आणि गव्हांकुर असे रस तो विकायचा, आणि फलकावर लिहिलेलं होतं, ‘लिव्हर साफ’. ताईने पहिल्या दिवशी त्याला विचारलं, की यकृत म्हणजे काय बाथरूमची फरशी आहे का. मग रोज जाऊन ती गिऱ्हाइकांसमोर यकृताचं काम समजावून सांगायला लागली. यकृत स्वतःच साफसफाई करतं, त्याला कोणी साफ करत नाही, वगैरे. आठवडाभरात तो बिचारा मेटाकुटीला आला. मॅडम, तुम्हीच सांगा काय लिहू, म्हणाला. तिने खडू घेतला आणि लिहिलं, ‘ताजा रस. चव वाईट. कशावरही औषध नाही.’ लोक तो फलक बघायला थांबू लागले, फोटो काढू लागले आणि रस पिऊ लागले. धंदा वाढला. या गोष्टीवर ताई जितकी चिडली तितकी मूळ फलकावरही चिडली नव्हती.

हे सगळं मी हसत सांगतो आहे खरा, पण आमच्या नातेवाइकांनी तिच्या रागाची जी कारणं शोधून काढली होती ती ऐकली की माझंही डोकं फिरतं. लग्न केलं नाही म्हणून चिडते. जाड आहे म्हणून चिडते. फार शिकली म्हणून चिडते. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याचा उच्चार करत नव्हतं, कारण त्यात ज्याचा त्याचा थोडा थोडा हात होता.

तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. राहायला कल्याण पूर्वेच्या चाळीत. अंगाने प्रचंड, स्वभावाने त्याहून मोठे. आमच्या विहारात रविवारची वंदना तेच सांगायचे. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, मद्यापासून दूर राहण्याच्या त्या ओळीला, त्यांचा आवाज आपोआप चढायचा. नुसतं म्हणून ते थांबत नसत. चाळीतल्या पिणाऱ्यांना पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दारात गाठून घरी सोडायचे, कोणाच्या बायकोने हाक मारली तर जेवणावरून उठून जायचे. अशा माणसाचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं आणि यकृत गेलं असं निदान झालं. ताई तेव्हा कॉलेजात होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, डॉक्टरांनी आत्याला विचारलं की हे किती वर्षं घेतायत. आत्या म्हणाली, कधीच नाही. डॉक्टर हसले आणि म्हणाले, सगळ्या बायका असंच सांगतात.

त्या एका वाक्याने अण्णांचं सगळं आयुष्य पुसून टाकलं. वाक्य व्हरांड्यातून चाळीत आलं, चाळीतून कारखान्यात गेलं. लोकांची दारू सोडवत फिरायचा आणि स्वतः लपून घ्यायचा, असं लोक बोलू लागले. ज्यांना त्यांनी हाताला धरून घरी आणलं होतं, तेही बोलू लागले. त्यांनाच त्यात जास्त समाधान मिळत असावं. साखर होती, वजन होतं, वर्षानुवर्षांच्या रात्रपाळ्या होत्या, पण यकृत म्हणजे दारू हे एकच समीकरण सगळ्यांना पाठ होतं. अण्णा गेले तेव्हा प्रेतयात्रेला माणसं पुष्कळ होती आणि निम्मी एकमेकांच्या कानाला लागलेली होती. ताईने ते पाहिलं. पुढच्या वर्षी तिने विषय बदलून जीवरसायन घेतलं.

विहाराच्या समितीची फार दिवसांची इच्छा होती की आपल्या वस्तीतल्या या मुलीने येऊन आरोग्यावर बोलावं. ती दरवेळी नाही म्हणायची. गेल्या वर्षी त्यांनी मला मध्ये घातलं, आत्याने हट्ट धरला, आणि एका रविवारी दुपारी ती आली. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीतली आत्या बसली होती, मुलीच्या कौतुकाने जरा ताठ होऊन. ताई तिच्या नेहमीच्या पद्धतीने बोलली, म्हणजे शाळांबाहेरच्या गोड पाण्यावर, कामाच्या तासांवर, फूटपाथ गिळणाऱ्या शहरावर आणि या सगळ्यानंतर जाड माणसालाच दोषी धरणाऱ्या सगळ्यांवर रागावली. एकशेबावीस नंबरचं तिने सांगितलं ते कोणाला फारसं कळलं नाही, पण लोक आदराने ऐकत होते.

भाषण संपल्यावर अण्णांबरोबर कारखान्यात असलेले एक म्हातारे काका काठीच्या आधाराने उठले. त्यांनी तिला तोंड भरून आशीर्वाद दिले. मग म्हणाले, “पोरी, चरबीचं सांगितलंस ते बरोबर. पण आमच्या पोरांना दारूचंही सांग. तुझ्या अण्णांसारखा भला माणूस आम्ही त्यापायीच घालवला.” आणि ते खरोखर रडू लागले.

मी आत्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

ताई म्हणाली, “काका, अण्णा पीत नव्हते.”

“असू दे पोरी,” काका डोळे पुसत म्हणाले. “आम्ही कधी वर तोंड करून बोललो का? आमच्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही.”

त्या क्षणी मला जो संताप आला तो आजही उतरलेला नाही. शिवी दिली असती तर परवडली असती. न केलेल्या गुन्ह्याची त्या माणसाला इतक्या वर्षांनी माफी दिली जात होती, आणि तीही प्रेमाने. मला वाटलं, आता ही सभागृहाचं छप्पर उडवणार. तिने माइक टेबलावर ठेवला. मग तो पुन्हा उचलला आणि मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा साध्या आवाजात तिने अण्णांबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यांचं वजन, त्यांची साखर, रात्रपाळीला कॅन्टीनमध्ये मिळणारं खाणं, रविवारी दुपारी गाढ झोपणारा तो दमलेला माणूस. दारूच्या एका थेंबाशिवायही यकृतात चरबी साचते, त्याला सूज येते, ते आक्रसून दगडासारखं होतं. “तेव्हा इथल्या डॉक्टरांना हे धड माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतं. त्यांना ते म्हणता आलं नाही, म्हणून त्यांनी माझ्या बापाला खोटा ठरवलं.”

मग तिने विचारलं, की ज्यांच्या घरात कोणी न पिता यकृताच्या दुखण्याने आजारी आहे किंवा गेलं आहे, त्यांनी हात वर करा. बराच वेळ कोणी हलेना. मागच्या भिंतीशी बसलेल्या एका बाईने खांद्यापर्यंतच हात उचलला आणि सांगितलं की तिची आई तशी गेली, आणि सासरच्यांनी तिला विचारलं होतं की आईला तसली सवय होती का. तिच्या पाठोपाठ एका रिक्षावाल्याने हात वर केला. मग शिक्षिका असलेल्या एका बाईंनी. मग आणखी. काही हात वर जाताना शेजारच्या माणसाला आश्चर्य वाटत होतं, कारण इतकी वर्षं शेजारी राहून ते त्याला माहीत नव्हतं. म्हातारे काका काठीवर हनुवटी टेकून ते हात बघत राहिले. शेवटी ते ताईजवळ गेले आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. तिने ते हात धरून खाली केले.

आम्ही रिक्षाने डोंबिवलीला निघालो. मधे आत्या, एका बाजूला ताई, एका बाजूला मी. अर्धा रस्ता मागे पडला. मग आत्याने समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत हळूच विचारलं, “म्हणजे, ते घेत नव्हते ना गं?”

ताईने मान वळवून आईकडे पाहिलं.

आत्या बोलत राहिली. डॉक्टर एवढा शिकलेला माणूस, तो इतक्या खात्रीने बोलला, तेव्हा तिच्याही मनात ते बसलं. अण्णा झोपले की ती त्यांची पेटी उघडून बघायची, गाद्यांखाली हात घालून बघायची. काही सापडलं नाही, तेव्हा तिला वाटलं की फारच हुशारीने लपवतात. “शेवटी शेवटी त्यांनी पाणी मागितलं ना, तरी मी आधी वाकून तोंडाचा वास घ्यायचे,” ती म्हणाली. “त्यांना कळायचं ते. काही बोलायचे नाहीत.”

“मग मला का नाही विचारलंस?” ताई म्हणाली. “इतकी वर्षं मी तुझ्या शेजारच्या खोलीत राहते. हेच काम करते. मला का नाही विचारलंस, आई?”

“तू चिडशील म्हणून.”

रिक्षा खड्ड्यात आदळली. ताईने एका हाताने पुढची दांडी आणि दुसऱ्या हाताने आईचा खांदा धरला होता. आत्या म्हणाली, तुझ्या त्या मशीनीत कळतं ना सगळं, तर एकदा काय ते नक्की सांग. मी ताईला ओळखतो. पुराव्याशिवाय ती आज पाऊस पडेल असंसुद्धा म्हणत नाही. तिने बाहेर पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं.

“मशीन काही सांगणार नाही, आई. अण्णांचं रक्त आपल्याकडे नाही. मी सांगते. अण्णा पीत नव्हते.”

आत्याने मान हलवली. मग पदराने तोंड पुसलं आणि घर येईपर्यंत ताईचा हात मांडीवर धरून बसली.

त्यानंतर आत्या बदलली. या वयात तिला राग यायला लागला. विहारात जाऊन ती एकेका बाईला थांबवून सांगू लागली, की आमचे हे पीत नव्हते, त्यांच्या यकृतात चरबी होती, विचारा माझ्या पोरीला. अण्णांबरोबरच्या ज्या ज्या माणसाचा पत्ता मिळाला, त्याच्याकडे जायला तिने मला गाडी काढायला लावली. एकजण खडवलीला मुलाकडे राहत होते, अंथरुणाला खिळलेले. त्यांना काही ऐकूही येत नव्हतं. आत्या त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने सगळं सांगून आली. एकशेबावीसला ती आता बस समजत नाही. तो न पिणाऱ्यांच्या बाजूचा साक्षीदार आहे अशी तिची समजूत आहे. तो दारू प्यायली-न प्यायली हे सांगत नाही, असं ताईने तिला एकदाच समजावून पाहिलं आणि सोडून दिलं. शास्त्राची एवढी मोठी चूक तिने चालवून घेतलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आत्या गेल्या हिवाळ्यात गेली, झोपेत, कोणाला त्रास न देता. त्यानंतर काही महिन्यांनी ताईचा पाय मुरगळला होता म्हणून मी तिला आणायला ठाण्याला तिच्या प्रयोगशाळेत गेलो. निघण्यापूर्वी तिने मला ते मोठं शीतकपाट दाखवलं. दार उघडताच पांढरी वाफ बाहेर आली. आत खण आणि खणांमध्ये करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या, एकीवरही नाव नाही, नुसते क्रमांक. अनोळखी माणसांचं रक्त गोठवून ठेवलेलं. ती म्हणाली की यांच्यापैकी बऱ्याच जणांना आपल्याला काही झालंय हे अजून माहीत नाही. मग दार लावता लावता, माझ्याशी की त्या नळ्यांशी कोण जाणे, म्हणाली, “यातल्या एकाच्याही बायकोला कोणी व्हरांड्यात उभं करून विचारू नये, एवढं झालं तरी पुष्कळ.”

परतताना शीळफाट्याला वाहतूक तुंबली होती. पुढे कंटेनर, बाजूला कंटेनर, मागे सगळे एकदम हॉर्न वाजवत होते. उलट्या बाजूने घुसलेला एक टेम्पो आडवा झाला होता आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरून फोनवर बोलत होता. ताई आता काच खाली करेल आणि त्या माणसाची, रस्ते खात्याची, सगळ्या ठाणे जिल्ह्याची हजेरी घेईल, म्हणून मी वाट पाहत होतो. तिने काच खाली केली नाही. मुरगळलेला पाय जरा पुढे घेऊन ती समोर बघत बसली होती.

“मी फार चिडते का रे?” तिने विचारलं.

“नाही गं,” मी म्हटलं.

“खोटं बोलू नकोस,” ती म्हणाली, पण इतक्या हळू, की त्या हॉर्नच्या गदारोळात मला ते जेमतेम ऐकू आलं.